जीप खाली उतरवताना: माझ्या तिसऱ्या प्रकरणातलं एक चुकलेलं वाक्य

माझ्या थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये एक वाक्य होतं: "ऐंशीच्या दशकानंतर मुंबईत वापरात असलेल्या जीप गाड्यांची उंची वाढत गेलेली दिसते." मला ते वाक्य फार आवडलं होतं. त्याच्याखाली मी तीन परिच्छेद लिहिले होते: बदलती हौस, शहरातून गडांकडे जाणारा नवा मध्यमवर्ग वगैरे वगैरे. गाइडनी ड्राफ्ट परत दिला तेव्हा त्या वाक्याशेजारी पेन्सिलीने दोनच शब्द लिहिलेले होते. "कशाची उंची?"

त्या दोन शब्दांनी माझे चार महिने खाल्ले. तुमच्यापैकी अनेकजण पेटची तयारी करत असाल, प्रपोजल लिहीत असाल, म्हणून ही गोष्ट सविस्तर सांगते.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि मग तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळले. विषय आहे मुंबईतल्या गाड्यांच्या दुरुस्तीचा इतिहास. म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरची तीस-चाळीस वर्षं. घरी अजूनही विचारतात, "मग तू शेवटी करतेस काय?" माझे आजोबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. त्यांना मात्र विषय एका वाक्यात कळला होता. "म्हणजे आमचंच काम लिहितेयस की," एवढंच म्हणाले.

तर, त्या वाक्याला माझ्याकडे आधार काय होता? एक, जुन्या माहितीपत्रकांमधले ग्राउंड क्लिअरन्सचे आकडे. दोन, मी स्वतः टेप घेऊन मोजलेल्या काही गाड्या. जुन्या गाड्या जमिनीपासून कमी उंच भरत होत्या, नंतरच्या जास्त. आलेख काढला तर रेघ वर जात होती. सायन्सवाल्या माणसाला वर जाणारी रेघ दिसली की तो खूश होतो, मीही झाले.

यातला पहिला आधार कोसळायला पाचच मिनिटं लागली. लाज वाटते, कारण मला ते आधीच कळायला हवं होतं. जुन्या जीपला पुढे-मागे आडवा, अखंड एक्सल असतो. गाडीचा सगळ्यात खाली येणारा भाग म्हणजे त्या एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा फुगवटा. एक्सल चाकांना जोडलेला आहे आणि चाकं जमिनीवर आहेत. मग वर पाटे कसेही बसवा, बॉडी एक फूट वर न्या नाहीतर खाली आणा, त्या फुगवट्याचं जमिनीपासूनचं अंतर बदलत नाही. ते बदलतं फक्त टायर बदलल्याने. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी जीपचा ग्राउंड क्लिअरन्स ८.७५ इंच असा नोंदलेला आहे. त्या आकड्यावरून बॉडी किती उंच होती, पाटे किती वाकलेले होते, याबद्दल काहीही कळत नाही. मी मात्र त्यावरून आख्खं सामाजिक विश्लेषण केलं होतं.

दुसरा आधार कोसळला तो लालबागच्या एका गल्लीत.

तिथे एक छोटं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक गाळा आणि त्याच्यापुढचा रस्ता. तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत आणि पाट्यांच्या कामासाठी लोक त्यांच्याकडे लांबून येतात. पाटे म्हणजे कमानपाटे, लीफ स्प्रिंग. एसटीने फिरलेल्या कुणालाही हा शब्द सांगायला नको. "पाटा तुटला" म्हटलं की उतरून रस्त्याच्या कडेला बसायचं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मी मोजलेल्या गाड्यांपैकी एक त्यांच्याकडे उभी होती. मी माझी वही दाखवली. त्यांनी आकड्यांकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि म्हणाले, "ताई, हे तुम्ही गाडी मोजली का पाटा मोजला? ह्या गाडीचे पाटे बसलेत. ही मुळात एवढी खाली नव्हतीच. आणि ती दुसरी तुम्ही म्हणताय ना, उंच, तिच्यात एक पाटा ट्रकचा आहे."

म्हणजे मी जे मोजत होते ते कारखान्याने ठरवलेलं डिझाइन नव्हतं. चाळीस वर्षांत त्या गाडीवर जे जे झालं, त्याची ती बेरीज होती. आणि बेरजेतून मूळ आकडे परत काढता येत नाहीत.

मिस्त्रींनीच मग सुचवलं की पुढच्या आठवड्यात एक जीप उतरवायला येणार आहे, बघायला या. उतरवायला, म्हणजे उंच केलेली गाडी परत खाली आणायला. मी दोन दिवस तिथे स्टुलावर बसून होते. इतिहास वाचताना जे कळलं नव्हतं ते त्या दोन दिवसांत कळलं.

गाडी ऐंशीच्या दशकातल्या घडणीची, एमएम ५४०. मालकांनी ती काही वर्षांपूर्वी ऑफरोडिंगसाठी उंच करून घेतली होती. आता खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. तेव्हापासून गाडी उंच करणाऱ्यांच्या बरोबरीने ती खाली करून घेणारेही मिस्त्रींकडे येऊ लागले आहेत. मालकांचं म्हणणं सरळ होतं: "काका, होती तशी करून द्या."

"होती तशी" हे शब्द लक्षात ठेवा, माझी सगळी अडचण त्याच्यातच आहे.

आता उंच कशी केली होती ते पाहू. जीपमध्ये मुळात पाटे एक्सलच्या खाली असतात. एक्सल वर, त्याच्याखाली पाट्यांची गड्डी, आणि दोन्हीला आवळून धरणारे यू बोल्ट. उंच करायची एक रीत म्हणजे पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवायचे. एक्सलची नळी आणि पाट्यांची जाडी मिळून बॉडी साधारण पाच इंच वर जाते. त्यासाठी एक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. या गाडीत तेवढ्यावर भागलं नव्हतं. प्रत्येक गड्डीत एक जादा पाटा घातला होता, पाट्यांची कमान वाढवून घेतली होती आणि शॅकलही लांब लावले होते. शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक चॅसीला लटकवणारी दुपाखी कडी. कडी दोन इंच लांब केली तर गाडी दोन इंच वर जाईल असं वाटतं ना? जात नाही. पाट्याचं दुसरं टोक जागच्या जागीच असतं, त्यामुळे मधे बसलेल्या एक्सलपाशी निम्माच फरक पडतो, म्हणजे एक इंच. ही साधी भूमिती आहे, पण मला ती मिस्त्रींनी पटवली, काडेपेटीतली काडी बोटांवर धरून.

उतरवण्याचं काम या सगळ्याच्या उलट क्रमाने व्हायला हवं होतं. शॅकल बदलणं सोपं. पाटे पुन्हा एक्सलखाली नेणं कष्टाचं, कारण बैठकांचे वेल्ड कापून काढायचे आणि एक्सलच्या नळीला धक्का लागू द्यायचा नाही. त्यात पहिला अख्खा दिवस गेला. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुरू झाला: वाढवलेली कमान कमी कशी करायची?

आळशी उत्तर आहे: गड्डीतला एखाददुसरा पाटा काढून टाका, गाडी आपोआप खाली बसेल. हिशोब करून पाहा. समजा सारख्या जाडीचे आठ पाटे आहेत आणि गाडीच्या वजनाने ते चार इंच दबतात. एक काढला, सात राहिले. आता ते चार गुणिले आठ भागिले सात, म्हणजे साधारण साडेचार इंच दबतील. मिळाला किती? अर्धा इंच. आणि त्या अर्ध्या इंचासाठी उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण सुमारे १४ टक्क्यांनी वाढला. खड्ड्यात गाडी आपटायला जागा कमी झाली ती वेगळीच. जाडीचा परिणाम तर याहून तीव्र असतो, कारण पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा घातला की तो जवळजवळ साठ टक्के जास्त ताठ होतो. "त्यात एक पाटा ट्रकचा आहे" या वाक्याचं वजन मला तेव्हा कळलं.

दुसरी वाईट रीत म्हणजे पाटा भट्टीत लाल करून सरळ करणं. स्प्रिंगचं पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, तेलात विझवून, मग पुन्हा बेताने तापवून त्याला पाणी दिलेलं असतं. तो लाल होईपर्यंत तापवला आणि तसाच हवेत थंड होऊ दिला की ते पाणी गेलं. पाटा दिसायला पाटाच राहतो, पण काही महिन्यांत बसतो.

मिस्त्रींनी थंड काम केलं. गड्डी व्हाइसमध्ये धरून सेंटर बोल्ट सोडला. (हे घरी करू नका. बोल्ट सुटताना पाटे उसळतात.) फरशीवर खडूने एक कमान काढली. मग एकेक पाटा ऐरणीच्या खोबणीवर आडवा ठेवून, घणाचे ठोके देत, दर चार-पाच ठोक्यांनी खडूच्या रेघेवर ठेवून पाहायचा. मेन पाट्याची कमान सगळ्यात कमी, त्याच्याखालच्या प्रत्येक आखूड पाट्याची थोडी थोडी जास्त. सुटे असताना एकावर एक ठेवले तर मधे फट दिसते. सेंटर बोल्ट आवळला की फट मिटते आणि मेन पाटा वजनाच्या उलट दिशेला थोडासा आधीच ताणला जातो, म्हणजे प्रत्यक्ष वजन आलं की त्याला थोडी सूट मिळते. पुस्तकात याला निप म्हणतात. मिस्त्री म्हणाले, "फट नाही ठेवली तर मोठा एकटाच मरतो."

इथे माझ्यातली फिजिक्सवाली जागी झाली. कमान केलेल्या पाट्यावर वजन आलं की तो सरळ होऊ पाहतो, म्हणजे त्याचा वरचा, आत वळलेला पृष्ठभाग ताणला जातो. तडा जातो तो बहुधा याच पृष्ठभागावरून. आता पाटा थंडच, वजनाच्याच दिशेने, कायमचा थोडा सरळ केला तर तो सोडल्यावर किंचित मागे उसळतो आणि त्या पृष्ठभागात उलटा, म्हणजे दाबाचा ताण शिल्लक राहतो. पुढे वजन आलं की आधी तो दाब फिटतो, मग ताण सुरू होतो. पाट्याच्या आयुष्याला हे चांगलं. कारखान्यातही नवीन स्प्रिंग मुद्दाम एकदा जास्त दाबून हेच साधतात. उलट, गाडी उंच करण्यासाठी पाटा थंड असताना जास्त वाकवला, तर त्याच पृष्ठभागात शिल्लक राहतो तो ओढीचा ताण, आणि तो वजनाच्या ताणात मिळवला जातो.

म्हणजे पाटा उंच करणं आणि खाली करणं या एकमेकांच्या नुसत्या उलट क्रिया नाहीत. टेपवर पाच वर, पाच खाली, बेरीज शून्य. धातूत तसं नाही. जो पाटा आधी उंच केला, मग वीस हजार किलोमीटर चालला आणि मग उतरवला, तो मूळ उंचीवर आला तरी मूळ पाटा नाही. त्याच्या आत दोन्ही वेळचे ठोके आहेत. मालक म्हणाले होते "होती तशी". उंची होती तशी झाली.

आता इतिहासाकडे येते, कारण "मूळ उंची" म्हणजे नक्की काय, हाही प्रश्न होताच.

पाट्यांनी गाडी खाली आणता येते ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. लंडनच्या ओबाडाया एलियट या गाडीकाराने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार पाट्यांची स्प्रिंग आणली. त्याआधी घोडागाडीची बॉडी पुढच्या-मागच्या एक्सलना जोडणाऱ्या एका लांब जड तुळईच्या वर लटकवलेली असे. ही नवी स्प्रिंग थेट एक्सलवर बसू लागली, तुळईची गरज संपली, गाडी हलकी झाली आणि मुख्य म्हणजे खाली आली. पुढे आलेली व्हिक्टोरिया ही अशीच बुटकी गाडी होती: चालक उंचावर, उतारू खाली, एका पायरीत चढता येईल असे. मुंबईत ती २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने घोडागाड्यांवर बंदी आणेपर्यंत दिसत राहिली. गेटवेपाशी चांदीच्या पत्र्याने मढवलेल्या त्या गाड्यांचा फोटो सापडला तर सजावटीकडे नका पाहू, चाकांच्या मधे पाहा, पाटे दिसतील.

जीपची गोष्ट याहून मजेशीर आहे. अमेरिकी लष्कराने १९४० मध्ये जी छोटी टेहळणी गाडी मागितली, तिच्याबद्दलच्या मुख्य अटींपैकी एक होती की ती बुटकी हवी, शत्रूला लांबून दिसू नये. पाटे एक्सलच्या खाली का, याचं उत्तर त्या अटीशी जुळतं: त्या रचनेत बॉडी खाली राहते. आज आपण रस्त्यावर पाहतो त्या उंच, दणकट जीपची प्रतिमा नंतरची. जी गाडी जन्मतः लपण्यासाठी बुटकी होती तिला दिसण्यासाठी उंच केलं गेलं. कॅलिफोर्नियात नेमकं याच्या उलट झालं. तिथे पन्नाशीच्या दशकात, विशेषतः मेक्सिकन वस्त्यांतली तरुण मुलं जुन्या मोटारी इतक्या खाली उतरवू लागली की १९५८ पासून तिथे कायदाच लागू झाला, चाकाच्या रिमच्या खाली बॉडी येता कामा नये. दोन्हीकडे कायदा मधे पडला, फक्त दिशा वेगळी.

मुंबईत ही गाडी आली ती लालबागपासून भायखळा ओलांडलं की लागणाऱ्या माझगावात. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेली महिंद्र अँड मोहम्मद कंपनी, तिच्यातले भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. विलिस जीपचे सुटे भाग जहाजाने यायचे आणि माझगावात जोडले जायचे. पुढे उत्पादन कांदिवलीला गेलं. नंतर बरीच वर्षं इथे बनत राहिलेली सीजे-३बी फोटोत फार उंच दिसते. मी तिला माझ्या आलेखात "उंच" या गटात टाकलं होतं. पण तिचं बॉनेटच तेवढं उंच आहे, कारण आत बसवलेलं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं. त्याचा पाट्यांशी काही संबंध नाही. पुन्हा तेच, कशाची उंची?

मग सत्तरीच्या दशकातलं तेलसंकट. पेट्रोल महागलं आणि जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेण्याची लाट आली. एमएम ५४० मध्ये तर कंपनीनेच प्यूजोच्या घडणीचं डिझेल इंजिन दिलं. पण गॅरेजमध्ये इंजिन बदललेल्या गाड्यांचं काय? डिझेल इंजिन जड, पाटे पेट्रोल इंजिनाच्या हिशोबाने दिलेले. पुढची बाजू बसणार. मग पुढे एक पाटा जादा घालायचा. मग मालकाला वाटतं मागची बाजू खाली वाटतेय, तिथेही घालायचा. मी ज्याला "मध्यमवर्गाची बदलती हौस" म्हणत होते त्यातला काही भाग चक्क इंजिनाचं वजन होता. ऑपेरा हाऊसच्या बाजूला मोटारीच्या सुट्या भागांची जी दुकानं आहेत, तिथे पाटा हा सुटा विकत मिळतो, गड्डी घ्यावी लागत नाही. त्यामुळे एका गाडीत तीन गाड्यांचे पाटे असणं ही दुर्मिळ गोष्ट नाही.

थोडं विषयांतर. आजोबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते हसले. रेल्वेच्या डब्यांना आणि इंजिनांनाही असेच पाटे असत, आणि लोहारकामात ते उतरवणं-चढवणं हे रोजचं. परळला जीआयपीचं आणि लोअर परळला बीबीसीआयचं, अशी दोन मोठी रेल्वे वर्कशॉप्स एकोणिसाव्या शतकापासून या भागात आहेत. दादरला बेस्टचं वर्कशॉप आहे. गिरण्यांबद्दल आपण इतकं लिहितो, आणि लिहायलाच हवं, पण लालबाग-परळच्या चाळींत लूमवाल्यांच्या शेजारी घणवालेही राहत होते. बेस्टच्या जुन्या बसची पहिली पायरी इतकी उंच का असायची, यामागेही ट्रकच्या चॅसीची आणि तिच्या पाट्यांची गोष्ट आहे. आज लो-फ्लोअर बस खाली आली ती पाटे उतरवून नव्हे, तर पाटे काढून हवेच्या फुग्यांवर बॉडी ठेवून आणि चॅसीच नव्याने आखून. तो वेगळा लेख होईल.

आता कामाचं बोलते, तुमच्या. मी पद्धत काय बदलली?

उंची जमिनीपासून मोजणं बंद केलं. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजते, त्यामुळे टायरचा आकार आणि हवा दोन्ही हिशोबातून जातात. शिवाय चॅसीपासून एक्सलपर्यंत वेगळं माप. आणि एक गोष्ट जी कुठल्याच पुस्तकाने मला आधी सांगितली नव्हती: पाट्यांची गाडी एकाच उंचीवर थांबत नाही. पाटे एकमेकांवर घासतात, आणि मुंबईचे चार-पाच पावसाळे खाल्लेले पाटे तर गंजून एकमेकांना धरूनच बसतात. गाडी हाताने दाबून हळूच सोडली तर ती एका उंचीवर थांबते, उचलून हळूच सोडली तर थोड्या वरच्या. दोन्ही बरोबर. म्हणून दोन्ही मोजायचे, दोन्ही लिहायचे. फक्त सरासरी लिहू नका, कारण त्या दोहोंतला फरक हीच पाट्यांच्या अवस्थेची नोंद आहे. माझ्या आधीच्या वहीत गाडी जशी उभी होती तसा एकच आकडा होता. ती सगळी मोजमापं मी टाकून दिली. दुखलं, पण टाकली.

पाट्यांची संख्या, प्रत्येकाची जाडी, मेन पाट्याचा डोळा वरच्या बाजूने वळवलाय की खालच्या, शॅकलची लांबी, एक्सलवर जुन्या वेल्डच्या खुणा, हे सगळं आता वेगवेगळ्या रकान्यांत येतं. वेल्डच्या खुणा सगळ्यात बोलक्या. उतरवलेली गाडी बाहेरून कधीच उंच नव्हती असं भासवते, पण एक्सलच्या नळीवर हात फिरवला की घासून सपाट केलेली बैठकीची जागा लागते. त्या एमएम ५४०वरही ती आहे. मी तिचा फोटो काढून ठेवलाय.

आणि ते वाक्य? ते आता असं आहे: "वापरातल्या जीपची आज मोजलेली उंची हा तिच्या मूळ रचनेचा पुरावा म्हणून घेता येत नाही, ती इंजिन, भार, पाट्यांची अदलाबदल आणि दुरुस्ती यांची एकत्रित नोंद आहे." वाचायला कंटाळवाणं आहे, मान्य. गाइडनी यावेळी समासात काही लिहिलं नाही. नव्या मध्यमवर्गाचे तीन परिच्छेद गेले. त्यातला एक परत आणता येईल असं मला वाटतं, पण त्यासाठी ज्या लोकांनी गाड्या उंच केल्या त्यांच्याशी बोलावं लागेल, गाड्यांना विचारून भागणार नाही.

एक गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपल्यावर मी मिस्त्रींना विचारलं, तुम्ही फरशीवर ती कमान काढलीत ती कशावरून? अंदाजाने? ते गाळ्याच्या माळ्यावर चढले आणि तेलाने काळा झालेला पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा खाली काढला. कात्रीने कापलेल्या कमानी. एकेकावर बॉलपेनने लिहिलेलं: "५४० पुढे", "३बी मागे", "मेटाडोर". त्यांच्या आधीच्या उस्तादांनी नव्याकोऱ्या गाड्यांचे पाटे सोडून पुठ्ठ्यावर उतरवून घेतलेले. पुढे पुठ्ठा फाटला की त्यावरून नवा कापलेला. एका पुठ्ठ्याच्या मागे बिस्किटाच्या खोक्याची छपाई अजून वाचता येते.

मी चार महिने माहितीपत्रकांत शोधत होते ते इथे माळ्यावर होतं. अर्थात लगेच पुढचे प्रश्न आलेच. पुठ्ठ्यावरून पुठ्ठा कापताना दर वेळी कात्रीने किती खाल्लं? कमान सुटी असतानाची की गड्डीत आवळलेली? "५४०" म्हणजे कुठल्या वर्षाची? बिस्किटाच्या खोक्यावरच्या किमतीवरून तो पुठ्ठा कधीचा ते निदान ढोबळपणे लागेल, असा माझा प्रयत्न चालू आहे. मिस्त्रींनी गठ्ठा घरी न्यायला नाही म्हटलं, आणि बरोबरच म्हटलं, त्यांना तो रोज लागतो. त्यांच्या गाळ्यातच, रविवारी गॅरेज बंद असताना, ट्रेसिंग पेपर अंथरून उतरवून घ्यायचं ठरलंय. पहिल्या रविवारी अकरा झाले. बत्तीस बाकी आहेत.